कोपीला चाकं का नाहीत?

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. चाकांवरच्या घरात बिछाना, ओटा, शौचालय असावं, ते घर जिथे मुक्कामाला थांबेल तिथे पाणी-विजेची सोय असलेलं पार्क असावं आणि असा धंदा उभारणाऱ्याला शासनाने सवलती द्याव्यात, हा त्याचा गाभा. धोरण वाईट नाही. मात्र गाडीवर बिऱ्हाड लादून वर्षातले पाच-सहा महिने परगावी काढणारी माणसं याच राज्यात लाखांनी मोजावी लागतात. ऊसतोड कामगारांचा आकडा कुणी आठ लाख सांगतं, कुणी पंधरा लाख. पण त्यांच्यातला सर्वांत मोठा लोंढा बीड जिल्ह्यातून निघतो, यावर वाद नाही. दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतात त्या सुमारास शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतल्या वाड्या आणि तांड्यांवरून ट्रॅक्टर सुटलेले असतात. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, हंडे-कळशा, गोधड्या, कोंबड्यांची पाटी, आणि सगळ्याच्या वर बांबू नि तट्टे. तळावर पोचल्यावर उभं करायचं घर, म्हणजे कोपी, ते हेच. माझं म्हणणं असं की चाकांवरच्या घराची गरज ज्यांना सर्वांत जास्त आहे, त्यांच्यासाठी ते अजून कुणी धड बांधलेलं नाही. तंत्र हाताशी आहे आणि पैसाही उभा राहू शकतो. हे घर कोणाच्या खात्यावर मांडायचं तेवढं कुणी ठरवलेलं नाही, आणि सगळं तिथेच अडलं आहे.

तंत्र किती साधं आहे, हे पाहण्यासाठी जरा लांब जावं लागतं. १९३०च्या दशकात, मंदीच्या काळात, अमेरिकेत एक बुटका गाडा निघाला. बाजूने पाहिलं तर त्याचा आकार पाण्याच्या थेंबासारखा दिसे, म्हणून त्याला टिअरड्रॉप म्हणू लागले. तो विकत घेण्यापेक्षा घरी बांधणारेच अधिक. हौशी कारागिरांची मासिकं त्याचे नकाशे मापांसकट छापत. सप्टेंबर १९४७ च्या ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’मधला नकाशा अजूनही हौशी लोक शोधून वापरतात. या गाड्याचं सगळं गणित प्लायवूडच्या एका शीटवर बसवलेलं आहे. शीट मिळते चार बाय आठ फुटांची, म्हणून जमीन चार बाय आठची. दोन बाजूंच्या भिंती म्हणजे आणखी दोन शीट, वरून गोल कापलेल्या. बारा मिलिमीटरची शीट साधारण वीस किलोची, त्यामुळे दोन माणसं ती सहज उचलून धरतात. आत उभं राहता येत नाही, कारण उंचीही चारच फूट. बसायचं आणि झोपायचं. स्वयंपाक आत होतच नाही. गाड्याच्या पाठीला खालून वर उघडणारं एक झाकण असतं. ते उचललं की खाली ओटा, डबे ठेवायचे कप्पे, शेगडीची जागा, आणि डोक्यावर तेच झाकण छपरासारखं. बिछाना आणि ओटा यांच्यामध्ये आडवी फळी. एवढाच संसार, पण मोजून मांडलेला.

हे बांधायला लागतं काय? चौकोनी पाइपाची चौकट, एक आस, दोन कमानपाटे, दोन चाकं, हूक नि साखळी, वर लाकूड किंवा पत्रा. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाला बाहेरच्या रस्त्यावर वेल्डिंगची दुकानं ओळीने लागतात. ट्रॅक्टरची ट्रॉली, पाण्याचा टँकर, कडब्याच्या गंजीवरचं छप्पर, शाळेचं फाटक, सगळं तिथेच तयार होतं. दोन टन ऊस पेलणाऱ्या गाडीचा सांगाडा जोडणाऱ्याला चारशे किलोची खोली चाकांवर चढवणं जड नाही. नकाशा नाही, एवढंच. तो काढायला अभियांत्रिकीची मोठी पदवीही लागत नाही. दहा-बारा कुटुंबांना विचारून, त्यांच्या सामानाची मापं घेऊन, एक नमुना करून, एक हंगाम वापरून, मग दुरुस्त करायचा. तंत्रनिकेतनातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प म्हणून दरवर्षी काहीतरी करावंच लागतं. त्यातला एखादा गट याला लावला तर बिघडणार नाही.

पण नवं घर सुचवण्याआधी जुन्या घराचा मान राखला पाहिजे. कोपी ही अडाणी वस्तू नाही. बांबू वाकवून केलेली कमान, तिच्यावर तट्टे, त्यावर ताडपत्री किंवा मेणकापड, फटींना पाचट. दोन माणसं ती काही तासांत उभी करतात, तुटली तर जागच्या जागी दुरुस्त होते, बहुतेक साहित्य फुकट किंवा स्वस्त, आणि मार्चच्या उन्हात पत्र्याच्या खोलीपेक्षा ती थंडच राहते. तिचे दोष मात्र त्याच साहित्यातून येतात. जमीन म्हणजे शेतातली माती, कालव्याजवळचा तळ असेल तर ओल वर येते. साप-विंचू अंथरुणाशी येतात. दाराला कुलूप नाही, आणि नवरा-बायको दोघंही पहाटे फडात गेल्यावर आतली पेटी रामभरोसे. अवकाळी पाऊस आला की आधी सरपण भिजतं, मग पीठ. सर्वांत मोठा धोका आगीचा. वाळलेल्या पाचटाच्या घराच्या दाराशी चूल, आणि पहाटे तीन-चार वाजता अंधारात भाकरी थापणारी बाई. टिअरड्रॉपने चूल आणि बिछाना वेगळे केले, मध्ये फळी घातली आणि स्वयंपाक बाहेरच्या बाजूला नेला. त्या गाड्यातून बीडने उचलायची पहिली गोष्ट हीच. दुसरी म्हणजे जमिनीपासून हात-दीड हात वर उचललेली कोरडी तळफळी. तिसरी, कुलूप लागणारं दार. कुलूप सामानासाठी, मुलांचा प्रश्न गाड्याने सुटणार नाही, त्यासाठी साखरशाळा, हंगामी वसतिगृहं आणि २०२१ मध्ये मंजूर झालेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना नीट चालणं हाच उपाय.

काय घ्यायचं नाही, तेही सांगायला हवं. तो थेंबासारखा गोल आकार दिसायला देखणा, पण आपल्याला निरुपयोगी. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ऐंशी किलोमीटरने धावणाऱ्या मोटारीमागे आकाराचा काही उपयोग होत असेल, ताशी वीसने चालणाऱ्या ट्रॅक्टरमागे तोच अडथळा सोळावा हिस्सा उरतो. मग गोल कापण्यात लाकूड आणि मजुरी कशाला घालवायची? सरळ भिंती, एका बाजूला उतरतं छप्पर, पुरे. चार फूट रुंदीही चालणार नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पण तिच्याबरोबर बहुधा दोन लेकरं असतात, कधी म्हातारी सासू. तेव्हा तळ पाच बाय आठ-नऊचा, उंची निदान वाकून उभं राहण्याइतकी, आणि एका बाजूची भिंत वर उचलून तिला ताडपत्री जोडता येईल अशी, म्हणजे रात्री अंगण आत घेता येतं. उन्हाचं काय करायचं, ही खरी तांत्रिक अडचण आहे. बीडची माणसं ज्या भागात तोडीला जातात तिथे एप्रिलमध्ये नुसता पत्रा भट्टी होतो. दुहेरी छप्पर, मधे थर्माकोलचा थर, वरून पांढरा रंग, आणि हातभर उंचीवर शेडनेट, इतकं केलं तर गाडा कोपीच्या जवळपास येईल. कोपीहून थंड होईल असं मी म्हणणार नाही. आतल्या अस्तराला चिपाडापासून केलेला बोर्ड वापरता येईल. असा बोर्ड आपल्याकडे बनतो. पाणी लागलं की फुगतो, म्हणून बाहेरच्या भिंतीला तो नको. ज्याने ऊस तोडला त्याच्या घराला त्याच उसाचं अस्तर, ही कल्पना भाषणात छान वाटेल, पण निवड करताना दर आणि ओल एवढंच पाहावं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की गाडे कशाला, कारखान्यांनी पक्क्या खोल्या बांधाव्यात. हा आक्षेप अर्धा बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर तोडीच्या पद्धतीत आहे. बैलगाडीवाले, म्हणजे टायरगाडीचे लोक, कारखान्याभोवतीच्या थोड्या अंतरातला ऊस आणतात. त्यांचा अड्डा बहुतेक हंगामभर एकाच जागी राहतो, शेकडो कोप्या आणि बैल एकत्र. तिथे पक्क्या चाळी, नळ, संडास, दिवे हेच योग्य, आणि ते झालेलं नसेल तर त्याला गाडा हे निमित्त होऊ नये. पण ट्रॅक्टर आणि ट्रकवरच्या टोळ्यांचं तसं नसतं. आठ-दहा कोयत्यांची टोळी या गावचा फड संपला की पुढच्या गावाला जाते, कारखान्याचा स्लिप बॉय सांगेल तिथे. तीस-चाळीस किलोमीटरच्या परिघात कुठे कुठे खोल्या बांधणार? या टोळ्यांना दर मुक्कामाला कोपी मोडून पुन्हा घालावी लागते, आणि त्या दिवशीची तोड बुडते. ट्रॅक्टरने दोन-दोन गाडे एका फेरीत ओढले तर अर्ध्या दिवसात सगळी टोळी नव्या तळावर. चाकांचा फायदा आहे तो इथे. बीडपासून कोल्हापूर-सांगलीपर्यंत गाडे ओढत नेण्याची तर गरजच नाही. गाडा कारखान्याच्या आवारात राहील, टोळी तिथे पोचल्यावर तो घेईल, हंगाम संपला की परत लावेल आणि माणसं बसने घरी जातील. ट्रॉलीत माणसं कोंबून केलेल्या रात्रीच्या प्रवासात दरवर्षी अपघात होतात, आणि मालवाहू ट्रॉलीतून माणसं नेणं मुळात कायद्याला मंजूर नाही. तो प्रवासही या निमित्ताने मोडता येईल. गाड्याला नोंदणी लागेल, मागे लाल परावर्तक पट्ट्या लागतील. ट्रॉल्यांना त्या लावण्याची मोहीम कारखाने दर हंगामात काढतातच.

गाडा कारखान्याचा, वापर टोळीचा, ही रीतही नवी नाही. टायरगाडी कुठून येते? गाडीवानाजवळ बैल असतात. रबरी टायरची लोखंडी गाडी बहुतेक ठिकाणी कारखान्याकडून किंवा वाहतूक संस्थेकडून मिळते, तिचं भाडं कापलं जातं, मोडली तर दुरुस्त होते, हंगामानंतर जमा होते. म्हणजे हजारो गाड्या बांधणं, वाटणं, मोजून परत घेणं, हे सगळं साखर कारखान्यांना अनेक वर्षं जमतं आहे. ऊस वेळेवर गव्हाणीत पडला पाहिजे, म्हणून जमतं. टायरगाडीच्या शेजारी राहण्याच्या गाड्याचं, म्हणजे राहुटीगाड्याचं, रजिस्टर ठेवायला फार तर एक कारकून जास्त लागेल.

आता पैसा. गाड्याची किंमत समजा एक लाख रुपये धरली. मोठ्या संख्येने बांधले तर ती कमीही होईल, पण आकडेमोडीला गोल आकडा बरा. दहा वर्षं टिकला तर वर्षाला दहा हजार. एक कोयता दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडतो, हंगामात अडीचशे टनांच्या आसपास. म्हणजे घरभाडं पडलं टनामागे चाळीस रुपये. २०२५-२६ साठी केंद्राने जाहीर केलेला उसाचा किमान दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. त्याच्याशी तुलना केली तर हे चाळीस रुपये म्हणजे सव्वा टक्काही नाहीत. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावेत आणि शासनाने तेवढीच भर घालावी, असं ठरलेलं आहे. ती वीस रुपयांची रक्कम आधीच वसतिगृहं, विमा, आरोग्य यांच्यासाठी बांधलेली आहे, तिच्यातून घरं काढा म्हणणं म्हणजे मुलांच्या ताटातलं काढून बापाला वाढणं. तेव्हा पैसा वेगळा लागेल, हे मान्य. पण राज्याकडे या क्षेत्रासाठी पैसाच नाही, हे खरं नाही. २०२३ मध्ये ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदान मंजूर झालं, एका यंत्राला किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यातलं जे कमी असेल ते. एका यंत्राच्या अनुदानात पस्तीस कुटुंबांचे गाडे होतात.

यावर लगेच दुसरा आक्षेप येतो: यंत्रं येत आहेतच, मग पाच-दहा वर्षांत जी माणसं लागणारच नाहीत त्यांच्यासाठी खर्च का? यंत्रांचा वाटा वाढतो आहे, नाकारायचं कारण नाही. पण यंत्राला लांब सरळ सऱ्या, रुंद पट्टा, मोठं रान आणि कोरडी जमीन लागते. आपल्याकडची एकर-दीड एकराची तुकडेवारी, बांधावरची झाडं, ठिबकच्या नळ्या, लोळलेला ऊस आणि पावसानंतरचा चिखल यांच्यापुढे ते थांबतं, आणि थांबलं की टोळी जमवणाऱ्या मुकादमाला फोन जातो. शिवाय चाकांवरची खोली उसालाच बांधलेली नाही. वीटभट्टी, कालव्याची कामं, रस्त्याची कामं, कांदा काढणी, सगळीकडे माणसं उघड्यावर राहतात. ऊस यंत्राने तोडला गेला, तरी गाडा पडून राहणार नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आणि तो चांगल्या माणसांकडून येतो. स्थलांतर सुखाचं केलं तर ते थांबणार कसं? बीडला पाणी द्या, उद्योग द्या, मग तोडीला कुणी जाणार नाही. पाणी आणि उद्योग हवेतच. पण १९७२ च्या दुष्काळानंतर बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून तोडीला जाणं वाढत गेलं, त्याला अर्धं शतक उलटलं, आणि या साऱ्या काळात कोपीने कुणालाही घरी थांबवलेलं नाही. राहण्याचे हाल हे स्थलांतरावरचं औषध असतं तर ते केव्हाच लागू पडलं असतं. माणूस मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो ती मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी, विहिरीच्या कर्जासाठी. तळावर ओल आहे की कोरडं, याचा त्या निर्णयाशी संबंध नसतो. ज्या पिढीला जावंच लागतं आहे तिला पुढच्या पिढीच्या विकासाची वाट पाहत चिखलात झोपायला सांगणं हे धोरण होऊ शकत नाही.

टोळीमागे एकच गाडा देणं शक्य असेल, तर तो झोपायचा नसावा. तो न्हाणी आणि संडासाचा असावा. टोळीत आठ-दहा बाया असतात. त्यांची अंघोळ उजाडायच्या आत साडीच्या आडोशाला, आणि प्रातर्विधी उसात. पाळीच्या दिवसांत तेवढंही नीट नाही. खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून दुखणं अंगावर काढायचं. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीड जिल्ह्याची पाहणी आली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. लवकरची लग्नं, कर्करोगाची भीती घालणारे डॉक्टर, खाड्याची धास्ती, अस्वच्छता अशी कारणं त्यात गुंतलेली आहेत. एका न्हाणीने ती सारी सुटतील असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण दोनशे लिटरची टाकी, कडी लागणारी दोन दारं, खाली काढता येणारा मैलाडबा आणि सौर दिवा, एवढं चाकांवर चढवणं हे झोपायच्या खोलीपेक्षाही सोपं काम आहे. मैलाडबा रिकामा करायचं काम मात्र टोळीतल्याच एखाद्या बाईच्या गळ्यात पडता कामा नये. ते कारखान्याच्या टँकरने करावं, आणि तसं कागदावर असावं, कारण कागदावर नसलेलं काम आपल्याकडे कुठल्या जातीकडे जातं ते सांगायला नको.

कागदाचा मुद्दा शेवटी सगळीकडेच येतो. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने परराज्यातून आणलेल्या मजुराला योग्य निवारा देणं ही ठेकेदाराची जबाबदारी ठरवली होती. आता त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. त्या कायद्याखाली आष्टीचा माणूस बेळगावकडे गेला तर त्याला निवाऱ्याचा हक्क होता, पुणे किंवा साताऱ्याला गेला तर नव्हता, कारण राज्याची सीमा ओलांडलेली नसे. राज्यातल्या राज्यात मुकादम म्हणतो कारखान्याने द्यावं, कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली. या गुंत्यात गाडा जर मुकादमामार्फत आला तर तो उचलीत धरला जाईल, आणि ज्याच्या अंगावर आधीच लाखाच्या घरातली उचल आहे त्याच्यावर आणखी लाख चढतील. मग हंगामात न फिटलेलं घर पुढच्या हंगामाला त्याला त्याच मुकादमाशी बांधून ठेवेल. असं होणार असेल तर कोपी बरी. म्हणून गाडा मुकादमाच्या वहीत येताच कामा नये. त्याची मालकी कारखान्याची, खर्च टनामागे, आणि मजुराच्या हिशेबात त्याची ओळ शून्य. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला, तो तीन वर्षांचा होता. पुढच्या कराराच्या बैठकीत दराचा आकडा पुन्हा गाजेल, वर्तमानपत्रांत तोच छापून येईल. त्याच मसुद्यात ट्रॅक्टरवरच्या टोळ्यांसाठी दोन कलमं घालता येतील: पहिल्या हंगामात टोळीमागे एक न्हाणीगाडा, आणि दुसऱ्यापासून कोयत्यामागे एक राहुटीगाडा, दोन्ही कारखान्याच्या खर्चाने.